कै. केशवराव भोळे : अमरावतीचे एक संगीतकार

‘संत तुकाराम’ हा बोलपट ज्यांनी पाहिला त्यांस विष्णुपंत पागनीस आठवतात. त्या अभंगांच्या चाली ज्या गृहस्थाने बसविल्या त्याचे नाव मात्र थोड्यांसच ठाऊक असते. ते गृहस्थ केशवराव वामन भोळे होत, व ते आपल्या वऱ्हाडातले. त्यांचा जन्म इ. स. १८९६ साली अमरावतीस झाला. नावाच्या सारखेपणामुळे पुष्कळ लोक त्यांस ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळीचे केशवराव भोसले समजतात. ते निराळे, ते कोल्हापूरचे, आणि १९२१ सालीच ऐन तारुण्यात वारले.

केशवरावांच्या लहानपणी वऱ्हाडात कापसाचा व्यापार जोरात होता. जेथे पैसा तेथे नाटक मंडळ्यांचे मुक्काम पडत, आणि मंडळी गेल्यावरही नाटकांतील पदे लोकांच्या तोंडी राहात. अशा वातावरणातून हा तरुण वैद्यकीचा अभ्यास करण्याकरिता मुंबईस गेला. पण गाण्याच्या ओढीपुढे वैद्यकी मागे पडली. मुंबईत मोठमोठे गवई ऐकावयास मिळत. जे ऐकावे त्याचा बारकाईने विचार करावा व तो कागदावर उतरावा, ही सवय केशवरावांस लागली. ‘एकलव्य’ ह्या नावाने त्यांनी आपल्या काळच्या गायकांविषयी लिहिले, व ‘आजचे प्रसिद्ध गायक’ हे त्यांचे पुस्तक १९३३ साली निघाले. दुरून ऐकून शिकणाऱ्या मनुष्याने एकलव्याचे नाव घ्यावे हे आम्हांस योग्यच वाटते.

त्या काळच्या संगीत नाटकात एक मोठा दोष शिरला होता. नट पद म्हणावयास उभा राहिला, की लोक ‘वन्समोअर’ देत, आणि मग ताना, आलाप, पुन्हा तेच पद. रात्र सरत जाई. कथा बिचारी एका बाजूस उभी राहून वाट पाहात असे. केशवरावांचे रागदारीवर निस्सीम प्रेम होते, तरीही हा प्रकार त्यांस पटेना. गाण्याने प्रसंगाची सेवा करावी, शब्द ऐकणाऱ्यापर्यंत स्पष्ट पोहोचावेत, आणि काम झाले की गाण्याने थांबावे, असे त्यांचे मत बनले. हे मत बोलून दाखविणे सोपे होते. ज्या प्रेक्षकांस तानांची चटक लागली आहे त्यांच्यापुढे ते करून दाखविणे म्हणजे नाटकाचा गल्ला पणास लावणे होय.

ती संधी १ जुलै १९३३ रोजी आली. ‘नाट्यमन्वंतर’ ह्या नव्या संस्थेने मुंबईत ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आणले. नॉर्वे देशाचे लेखक ब्यर्नसन ह्यांच्या नाटकावरून श्री. वि. वर्तक ह्यांनी ते रचिले होते. पदे अगदी थोडी होती व ती भावगीताच्या धर्तीची होती. प्रसंगास साजेसे पार्श्वसंगीत केशवरावांनी दिले. स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनी करण्याची वहिवाट होती, पण येथे त्या स्त्रियांनीच केल्या. त्यांपैकी बिंबाची भूमिका केशवरावांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई ह्यांनी केली. ह्या मूळच्या गोव्याच्या दुर्गा केळेकर. त्यांचा विवाह १९३२ साली झाला होता.

ह्यानंतर केशवराव ‘प्रभात’ फिल्म कंपनीत गेले. कंपनी कोल्हापुराहून पुण्यास आली होती, व तेथील तिचा पहिला बोलपट ‘अमृतमंथन’ १९३४ साली निघाला. त्याचे संगीत केशवरावांचे. त्यांनी तबला-पेटीच्या जोडीस पियानो, व्हायोलिन आणि हवाईयन गिटार ही वाद्ये घेतली. येथे एक अडचण होती. पाश्चात्य संगीतात अनेक स्वर एकाच वेळी मिळवून वाजवितात व गातात. मिशनच्या शाळांत चार आवाजांनी म्हटलेले गीत ज्यांनी ऐकले आहे त्यांस हे समजावून सांगणे नको. आपले गाणे एका स्वरमालिकेवर चालते. तिच्यावर परकी वाद्ये लादली तर ती दबून जाते. केशवरावांनी चाल आपलीच ठेवली, शब्द मोकळे ठेवले, आणि नवी वाद्ये भोवती बसविली.

परंतु त्यांचा खरा विवेक, आमच्या मते, वाद्ये कोठे नकोत हे ओळखण्यात दिसतो. ‘संत तुकाराम’ १९३६ साली निघाला. दामले व फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. देहूचा वाणी गवयासारखा गाऊ लागता तर सारे सोंग उघडे पडते. म्हणून चाली साध्या, टाळ-मृदंगावर भजनात म्हणता येतील अशा आहेत. शांताराम आठवले ह्यांनी ह्या बोलपटासाठी एक अभंग नवा रचिला, बीज आणि वृक्ष ह्यांच्या दृष्टांताचा. तो शब्दांनी व चालीने इतका जुना वाटला, की पुष्कळ लोक तो तुकोबांचाच समजून चालले. हा बोलपट मुंबईच्या एका थिएटरात ५७ आठवडे चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

त्याच वर्षीच्या ‘कुंकू’त केशवराव आणखी पुढे गेले. म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेल्या एका तरुण मुलीची ही कथा. तीत पार्श्वसंगीत मुळीच नाही. घरातले व रस्त्यावरचे आवाज तेवढे ऐकू येतात, आणि म्हाताऱ्याचे जुने घड्याळ. संगीतकाराने आपणच आपले हात आवरून बसावे ह्याला धैर्य लागते. ह्याच बोलपटात शांता आपटे ह्यांनी अमेरिकन कवी लाँगफेलो ह्यांचे ‘साम ऑफ लाइफ’ हे इंग्रजी काव्य गाइले आहे. ते १८३८ सालचे. कवीने त्यास स्तोत्र म्हटले आहे, आणि येथे ते अन्यायाने गांजलेल्या मराठी मुलीच्या तोंडी आले, हे आम्हांस विशेष वाटते.

पुढे ‘माझा मुलगा’ (१९३८), ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) व ‘रामशास्त्री’ (१९४४) हे बोलपट झाले. त्यानंतरच्या काळात त्यांची लेखणीच अधिक चालली. ‘माझे संगीत’ ह्या पुस्तकात आपण चाली कशा बांधल्या हे त्यांनी स्वतः मांडले आहे. गायकांविषयीचे लेखही पुस्तकरूपाने निघाले. १९७७ साली त्यांचा अंत झाला. ज्योत्स्नाबाई त्यांच्यामागे चोवीस वर्षे होत्या. त्या २००१ साली वारल्या.