बिटाच्या टाकीपासून रेबीजच्या लसीपर्यंत: लुई पाश्चर

द्वारका सर्कलवरून जाताना गाडीत पेट्रोल भरलंत, तर त्यात आता इथेनॉल असतं. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल. हे अल्कोहोल आपल्याकडे उसाच्या मळीपासून, उसाच्या रसापासून आणि मक्यापासून बनतं. बनवतो तो यीस्ट नावाचा सूक्ष्मजीव. तुम्ही म्हणाल, डॉक्टर, याचा आरोग्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो एका माणसाच्या आयुष्यातून जातो.

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधल्या डोल गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करत. पाश्चर डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते.

बिघडलेल्या टाक्या

१८५६ मध्ये ते लील शहरात प्राध्यापक होते. तिथे बिटाच्या साखरेपासून अल्कोहोल काढणाऱ्या एका कारखानदाराच्या टाक्या आंबट होऊन वाया जात होत्या. पाश्चर यांनी नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चांगल्या टाकीत यीस्टच्या गोलसर पेशी दिसल्या. बिघडलेल्या टाकीत काड्यांसारखे बारीक जीव होते आणि अल्कोहोलऐवजी लॅक्टिक आम्ल तयार झालं होतं.

आंबणं ही निव्वळ रासायनिक क्रिया आहे, असं तेव्हाचे मोठे शास्त्रज्ञ मानत. पाश्चर यांनी दाखवलं की ते जिवंत जीवांचं काम आहे, आणि प्रत्येक जीवाचं काम वेगळं आहे. हवा मिळाली की यीस्ट वाढतं जास्त, पण अल्कोहोल कमी करतं, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणून आजही डिस्टिलरीत आधी हवा देऊन यीस्ट वाढवतात आणि मग ते बंद टाकीत कामाला लावतात.

साधं यीस्ट उसाच्या चिपाडातली झायलोज ही साखर आंबवू शकत नाही. त्यासाठी शास्त्रज्ञ दुसऱ्या सूक्ष्मजीवांची जनुकं यीस्टमध्ये घालून त्याला सुधारतात. या कामाचा पाया त्या बिटाच्या टाक्यांत आहे.

घरातलं दुःख

पाश्चर यांच्या पाच मुलांपैकी तीन मुली लहानपणीच वारल्या, त्यांतल्या दोघी टायफॉइडने. १८६८ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्यांना पक्षाघात झाला आणि डावी बाजू अधू झाली. तरीही त्यांनी काम सोडलं नाही. विशिष्ट जीव टाकी बिघडवतो, तर विशिष्ट जीव शरीरही बिघडवत असेल, हा विचार त्यांनी पुढे नेला.

६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेला जोसेफ माइस्टर हा नऊ वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे आणला गेला. लस तोवर माणसावर नीट पारखलेली नव्हती. सुई टोचण्याचा अधिकार पाश्चर यांना नव्हता, ती डॉक्टरांनी टोचली. सुमारे दहा दिवसांत तेरा इंजेक्शनं झाली आणि मुलगा जगला. गंमत म्हणजे रेबीजचा विषाणू इतका सूक्ष्म, की पाश्चर यांना तो कधीच दिसला नाही.

२८ सप्टेंबर १८९५ रोजी ते गेले. पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेग आला, तेव्हा त्यावर लस तयार करणारे हाफकिन हे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतच काम केलेले होते.

तुम्ही काय कराल?

माझ्या दवाखान्यात आजही कुत्रा चावल्यावर जखमेत हळद, तिखट किंवा चुना भरून लोक येतात. कृपया तसं करू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. जखम खोल असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. बरं वाटलं म्हणून मधले डोस चुकवू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण वाचणं जवळजवळ अशक्य असतं. लस मात्र वेळेत घेतली तर वाचवते.