विश्लेषण : बोईसरच्या कारखान्यातील ‘डिस्क फुल’ आणि एडगर कॉड यांचा संबंध काय?

तारापूर एमआयडीसीतील औषध, रसायन किंवा कापड कारखान्यात बॅचची नोंद, मालाचा साठा, गेट पास, हजेरी असे बरेच काही आज डेटाबेसमध्ये साठते. त्याची डिस्क भरली, की नवी नोंद होत नाही आणि माल भरलेला ट्रक फाटकावरच थांबतो. असे बहुतेक डेटाबेस ज्या सिद्धान्तावर उभे आहेत, तो एडगर फ्रँक कॉड यांनी मांडला. डिस्कवर काय कुठे आहे, याची चिंता त्यांनी वापरकर्त्याच्या डोक्यावरून काढली. पण डिस्क नजरेआड गेली, तसे तिच्याकडे दुर्लक्षही होऊ लागले.

कॉड कोण होते?

जन्म १९२३ चा, इंग्लंडमधील पोर्टलंड बेटावरचा. ऑक्सफर्डमध्ये गणित आणि रसायनशास्त्र शिकलेले कॉड दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. १९४८ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि आयबीएममध्ये प्रोग्रामर झाले. अमेरिकेत मॅकार्थी यांनी कम्युनिस्टांच्या नावाखाली चालवलेल्या चौकशीसत्राला कंटाळून १९५३ मध्ये त्यांनी कॅनडा गाठला. काही वर्षांनी ते परतले, चाळिशीत मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि कॅलिफोर्नियात सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत रुजू झाले.

तेव्हा अडचण काय होती?

आयबीएमने १९५६ मध्ये याच शहरात तयार केलेल्या पहिल्या डिस्क यंत्रात ५० तबकड्या होत्या आणि त्यात जेमतेम ५० लाख अक्षरे मावत. जागा मोलाची होती. त्यातच माहिती कोणत्या वाटेने शोधायची, हे प्रोग्राममध्येच लिहावे लागे. मांडणी बदलली, की प्रोग्राम पुन्हा लिहा.

कॉड यांनी काय सुचवले?

माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. ती डिस्कवर कशी बसवायची ते यंत्र पाहील. एका पुरवठादाराची हजार बिले असतील, तर त्याचा पत्ता हजार वेळा लिहू नका. तो एकदाच लिहा आणि बिलावर त्याचा क्रमांक टाका. पत्ता बदलला तर दुरुस्ती एकाच जागी होते, शिवाय जागाही वाचते. हा विचार त्यांनी १९६९ मध्ये कंपनीच्या अंतर्गत अहवालात मांडला. तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, तेच हे वर्ष. जून १९७० मध्ये त्यांचा गाजलेला शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

आयबीएमने तो लगेच का स्वीकारला नाही?

कंपनीचा जुना डेटाबेस, आयएमएस, चांगला चालत होता. त्याला स्पर्धक घरातच कशाला, अशी भूमिका होती. पुढे आयबीएमच्या प्रकल्पात एसक्यूएल ही भाषा तयार झाली, पण बाजारात आधी उतरली ती ओरॅकल. बर्कली विद्यापीठातील इन्ग्रेस प्रकल्पातून पुढे पोस्टग्रेस आला. कॉड यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८५ मध्ये, रिलेशनल म्हणवणारे अनेक डेटाबेस तसे नाहीत हे दाखवण्यासाठी त्यांनी प्रसिद्ध बारा नियम जाहीर केले. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात त्यांचे निधन झाले.

मग आज डिस्क का भरते?

- नोंद पुसली तरी जागा परत मिळत नाही : पोस्टग्रेसमध्ये नोंद बदलली, की जुनी प्रत मागे उरते. ‘व्हॅक्यूम’ ही सफाई ती जागा नव्या नोंदींसाठी मोकळी करते. फाइल मात्र सहसा लहान होत नाही.
- उघडा राहिलेला व्यवहार : एखादा व्यवहार तासन्‌तास अर्धवट राहिला, तर ही सफाईही अडते.
- लॉग : एसक्यूएल सर्व्हर ‘फुल रिकव्हरी’वर असेल आणि लॉगचा बॅकअप घेतला जात नसेल, तर लॉग फुगतच जातो.
- अनावश्यक इंडेक्स : शोध वेगवान करणारी प्रत्येक सूची वेगळी जागा खाते.

काय करावे?

आधी सर्वात मोठे तक्ते आणि लॉग शोधा. लॉगच्या फाइल हाताने पुसू नका; डेटाबेस उभाच न राहण्याचा धोका असतो. जुन्या नोंदी महिन्यानुसार विभागून ठेवल्या, तर बॅकअपनंतर पूर्ण विभाग एकदम काढता येतो आणि जागा खरोखर मोकळी होते. मात्र औषध कारखान्यात बॅचच्या नोंदी ठरावीक काळ जपणे बंधनकारक असते, ती मुदत आधी तपासा. डिस्क ८० टक्के भरताच मोबाइलवर इशारा येईल अशी सोय करा, आणि तो कोणाच्या मोबाइलवर यायचा, हेही आजच ठरवा.