महाराणी ताराबाई

मुळशीच्या डोंगराळ मुलुखातून दक्षिणेकडे गेले, म्हणजे सिंहगड, तोरणा आणि राजगड हे नामांकित किल्ले लागतात. सुमारे सव्वातीनशे वर्षांपूर्वी या किल्ल्यांना मोगलांच्या फौजांचे वेढे पडले होते. मावळच्या खोऱ्यांतील लोकांना त्या काळी शेतापेक्षा गडाची चिंता अधिक होती. अशा त्या बिकट काळात मराठ्यांच्या राज्याची सूत्रे एका पंचवीस वर्षांच्या विधवा राणीच्या हाती होती. ती राणी म्हणजे महाराणी ताराबाई.

ताराबाईंचा जन्म 1675 मध्ये झाला. कऱ्हाडजवळच्या तळबीड गावचे हंबीरराव मोहिते हे त्यांचे वडील. शिवाजी महाराजांचे सरसेनापती म्हणून हंबीररावांचा मोठा लौकिक होता. त्यामुळे स्वाऱ्या, वेढे आणि घोडदळ यांच्या गोष्टी ताराबाईंच्या कानांवर लहानपणापासूनच पडत असत. बालवयातच शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र राजाराम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे 1687 मध्ये वाईजवळ झालेल्या लढाईत हंबीरराव कामास आले. त्या वेळी ताराबाई अवघ्या बारा वर्षांच्या होत्या. युद्ध घरातील माणूस कसे हिरावून नेते, हे त्यांनी असे कोवळ्या वयातच पाहिले.

संकटे येथेच थांबली नाहीत. 1689 मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांचा वध करविला. त्याच वर्षी रायगड पडला आणि महाराणी येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या कैदेत सापडले. राजाराम महाराज दूर दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यावर गेले. ताराबाई मात्र काही वर्षे महाराष्ट्रातच राहिल्या. विशाळगडाच्या परिसरात रामचंद्रपंत अमात्य मोठ्या नेटाने राज्याचा कारभार चालवीत होते. गडावर धान्य किती असावे, शिबंदीचा पगार कसा भागवावा, कोणत्या सरदारावर कोणती कामगिरी सोपवावी, हे सारे ताराबाईंना तेथे जवळून पाहता आले. पुढे त्या जिंजीस गेल्या. तेथे 1696 मध्ये त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव शिवाजी ठेवण्यात आले.

मार्च 1700 मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज निवर्तले. त्या वेळी खुद्द औरंगजेब साताऱ्याच्या किल्ल्यास वेढा घालून बसला होता. पती गेलेला, पुत्र जेमतेम चार वर्षांचा आणि शत्रू दाराशी! राजवाड्याच्या एका दालनात दुःख करीत बसणे ताराबाईंना अशक्य नव्हते. बादशहाशी तहाची बोलणीही झाली. परंतु सारे किल्ले हवाली करावेत असा त्याचा आग्रह होता. किल्ले दिले, तर राज्य उरणार नव्हते. ताराबाईंनी आपल्या पुत्रास गादीवर बसविले आणि युद्धाची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली. युद्धाची हौस म्हणून नव्हे, तर राज्य राखण्याचा दुसरा मार्ग उरला नाही म्हणून त्यांनी हा मार्ग पत्करला. त्यासाठी लागणारे ज्ञान त्यांनी आधीच मिळविले होते.

वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेला बादशहा जातीने एकेका गडावर चालून जात होता. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड आणि तोरणा हे किल्ले त्याने 1700 ते 1704 या काळात घेतले. पण एकेका गडासाठी मोगलांचे कित्येक महिने खर्ची पडत. मराठे शक्य तितके दिवस गड लढवीत. पावसाळा जवळ आला आणि शत्रू टेकीस आला, म्हणजे अनेकदा ते मोठी रक्कम घेऊन गड खाली करीत. बादशहाची पाठ फिरताच गड परत घेण्याची खटपट सुरू होई. पुढे यांतील अनेक किल्ले मराठ्यांनी परत मिळविले.

ताराबाईंनी केवळ बचाव केला नाही. बादशहा सह्याद्रीत गुंतलेला पाहून त्यांनी युद्ध त्याच्याच मुलुखात नेले. मराठ्यांची घोडदळे नर्मदा ओलांडून माळव्यात शिरली. धनाजी जाधवांनी 1706 मध्ये गुजरातेत मोगलांचा मोठा पराभव केला. कोणत्या सरदारास कोठे पाठवावे, हे ताराबाई स्वतः ठरवीत. मोगलांच्या बाजूने इतिहास लिहिणाऱ्या खाफीखानानेही त्यांची बुद्धी व कारभारातील कसब मान्य केले आहे. शत्रूच्या लेखणीतून आलेली ही साक्ष मोलाची आहे. अखेर 1707 मध्ये अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे औरंगजेब मरण पावला. मराठ्यांचे राज्य बुडविण्याचा त्याचा हेतू सिद्धीस गेला नाही.

यानंतर शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले. गादी कोणाची, यावरून त्यांचा व ताराबाईंचा कलह झाला. ताराबाईंनी हार मानली नाही. पण या भाऊबंदकीत मराठ्यांचीच शक्ती खर्च झाली. 1714 मध्ये कोल्हापूरची सत्ताही त्यांच्या हातून गेली आणि त्यांना अनेक वर्षे कैदेत काढावी लागली. डिसेंबर 1761 मध्ये साताऱ्यास त्यांचे निधन झाले.

ताराबाईंचे पुढील आयुष्य कसेही गेले असले, तरी 1700 ते 1707 या सात वर्षांतील त्यांची कामगिरी विसरण्याजोगी नाही. दारूगोळा, धान्य, पैसा आणि माणसे यांचा मेळ घालीत त्यांनी एका बलाढ्य बादशहाशी सात वर्षे झुंज दिली. मावळातील गडांचे जुने बुरूज पाहताना, त्या गडांवरील शिबंदीस धीर देणाऱ्या या तरुण राणीचे स्मरण आपण अवश्य केले पाहिजे.