बीडच्या टेकडीवरचा दात आणि मंगोल बादशहाने मागितलेले विहार

आपल्याकडे कुणी उलटसुलट निर्णय घेतला की लोक सहज म्हणतात, तुघलकी कारभार चाललाय. महंमद तुघलक म्हणजे वेडा महंमद, हे आपण शाळेतच पाठ केलेले असते. पण या माणसाची एक खूण आपल्या बीड जिल्ह्यात आहे आणि त्याच्या आयुष्यातल्या एका प्रसंगाचा संबंध थेट बौद्ध विहाराशी आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. बीड शहराच्या दक्षिणेला एका टेकडीवर जुने पडके बांधकाम आहे. तुघलकाचा पडलेला दात तिथे पुरला आणि वर कबर बांधली, असे सांगतात. गुराखी, शेतकरी आणि क्वचित एखादा अभ्यासक सोडला तर तिकडे कुणी फिरकत नाही. या लेखात आम्ही त्या दाताच्या मालकाची गोष्ट सांगणार आहोत, आणि ती बौद्ध तरुणांनी का वाचावी तेही.

महंमदाचे मूळ नाव जौना. त्याचा बाप गाझी मलिक हा पंजाबातल्या दिपालपूरचा सुभेदार. तुघलक घराणे करौना जमातीचे होते, असे मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने लिहून ठेवले आहे. करौना म्हणजे सिंध आणि तुर्कस्तान यांच्या मधल्या डोंगराळ मुलखातले तुर्क-मंगोल मिश्र वळणाचे लोक. मध्य आशियातल्या गवताळ मैदानांतून घोड्यावर बसून निघालेल्या टोळ्यांचा तो एक फाटा. गंमत अशी की याच घराण्याचे नाव झाले ते मंगोलांशी लढून. गाझी मलिकाने मंगोलांना २९ वेळा हरवल्याचा लेख मुलतानच्या मशिदीत होता, असे इब्न बतूता सांगतो. १३२० मध्ये गाझी मलिक गियासुद्दीन तुघलक या नावाने दिल्लीच्या तख्तावर बसला. जौनाला उलुघ खान हा किताब मिळाला. त्याने दख्खनेत उतरून १३२३ मध्ये वारंगळच्या प्रतापरुद्र काकतीयाचे राज्य संपवले. १३२५ मध्ये लाकडी मंडप कोसळून बाप मेला आणि मुलगा महंमद बिन तुघलक म्हणून सुलतान झाला. हा अपघात होता की घातपात, यावर आजही वाद आहे.

महंमद शिकलेला होता. तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, गणित, वैद्यक यांत त्याला गती होती. मुल्ला-मौलवींशी तो वाद घालायचा आणि त्यांना शिक्षाही करायचा. हातही तसाच सढळ आणि तसाच क्रूर. इब्न बतूताच्या वर्णनात त्याच्या दारी एकीकडे दान घेऊन श्रीमंत झालेला गरीब दिसतो आणि दुसरीकडे नुकतेच मारलेले प्रेत.

१३२७ मध्ये त्याने देवगिरीला दौलताबाद केले आणि दिल्लीतले सरदार, विद्वान, सुफी यांना तिकडे हलवले. दक्षिणेवर ताबा ठेवायचा तर राजधानी मध्यावर हवी, हा विचार वेडगळ नव्हता. पण ज्या माणसांना उचलून नेले त्यांच्या पायाच्या फोडांचा हिशेब त्यात नव्हता. पुढे चांदीच्या नाण्याऐवजी तांब्या-पितळेची नाणी काढली. चीनमध्ये मंगोल राज्यकर्ते कागदी चलन चालवत होते, त्याची खबर दिल्लीपर्यंत होती. इथे मात्र घराघरांत खोटी नाणी पाडली गेली. दोन-तीन वर्षांतच सुलतानाने नाणी परत घेतली आणि खरी-खोटी न पाहता बदल्यात खजिन्यातून चांदी दिली. गंगा-यमुनेच्या दुआबात त्याने कर वाढवला आणि त्याच सुमारास दुष्काळ पडला. मग पळून जाणाऱ्या शेतकऱ्यांची जंगलात शिकार झाली. हे सगळे खरे आहे. ते आम्ही झाकणार नाही.

याच काळात मंगोलांच्या चगताई शाखेचा खान तर्माशिरीन हिंदुस्थानावर चालून आला. त्याचे नाव मूळ धर्मश्री या संस्कृत शब्दावरून आले असे अभ्यासक मानतात. म्हणजे मध्य आशियातल्या त्या मंगोलांच्या घरात बौद्ध नावे ठेवली जात होती. तर्माशिरीनने पुढे इस्लाम स्वीकारला. इराणमधल्या मंगोलांची गोष्टही अशीच. तिथे सुरुवातीच्या खानांनी विहारे बांधली आणि १२९५ मध्ये गझन खान मुसलमान झाल्यावर ती पाडली गेली. चीनमध्ये मात्र कुबलाई खानाने तिबेटी भिक्खू फाग्स-पा यांना गुरू केले आणि तिथले मंगोल बादशहा बौद्धच राहिले.

१३३५ च्या सुमारास सुलतान दक्षिणेतले बंड मोडायला निघाला. वारंगळला त्याच्या सैन्यात साथ पसरली. माणसे पटापट मेली. तो स्वतः आजारी पडला आणि परत फिरला. फिरिश्ता या इतिहासकाराने लिहिले आहे की वाटेत बीडला त्याचा दात पडला. तो दात मोठ्या थाटाने पुरला आणि त्यावर कबर बांधली. तिथून तो पैठणला गेला आणि बरे वाटेपर्यंत गोदावरीकाठी राहिला. त्याच्याबरोबर आलेल्या ज्या शिपायांच्या प्रेतांना धड मातीही मिळाली नसेल, त्यांची नोंद कुठेच नाही. नोंद आहे ती सुलतानाच्या दाताची. इतिहास कुणाचा लिहिला जातो, हे समजून घ्यायला आपल्या बीडला यापेक्षा चांगले उदाहरण नाही.

आता त्या विहाराचे. त्यावेळी चीनच्या गादीवर मंगोल बादशहा तोगोन तेमुर होता. इब्न बतूताच्या प्रवासवर्णनानुसार १३४१-४२ च्या सुमारास त्याचे वकील दिल्लीला आले. सोबत १०० गुलाम, मखमल, कस्तुरी, असा नजराणा. मागणी एकच. हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशात एक बौद्ध देवस्थान होते, चीनकडचे लोक तिथे यात्रेला येत, आणि ते सुलतानाच्या सैन्याने उद्ध्वस्त केले होते. ते पुन्हा बांधण्याची परवानगी द्यावी. सुलतानाने उत्तर पाठवले की जिझिया भरणाऱ्यांनाच अशी परवानगी मिळते, कर भरला तर बांधा. आणि आलेल्या नजराण्यापेक्षा मोठा नजराणा परत पाठवला. तो घेऊन जाणारा वकील होता खुद्द इब्न बतूता. १३४२ मध्ये तो दिल्लीहून निघाला, वाटेत लुटला गेला, दौलताबादवरून पुढे कालिकतला पोहोचला आणि तिथे वादळात जहाजे फुटून सगळा नजराणा बुडाला. ते विहार काही उभे राहिले नाही.

या बादशहाची दुसरी बाजू मंगोलियाच्या जमिनीतून वर आली आहे. ओर्खोन नदीच्या खोऱ्यात काराकोरम ही मंगोलांची जुनी राजधानी. १९४८-४९ मध्ये सोव्हिएत पुरातत्त्वज्ञ किसेल्योव्ह यांनी तिथे खोदकाम केले आणि एक भव्य वास्तू म्हणजे ओगोदेई खानाचा राजवाडा असे जाहीर केले. पन्नास वर्षे जगाने तेच मानले. २००० नंतर जर्मन आणि मंगोल अभ्यासकांनी मिळून पुन्हा खोदले, तेव्हा उलगडा झाला की तो राजवाडा नव्हताच, ते मोठे बौद्ध मंदिर होते. मातीचे छोटे छोटे स्तूप, मूर्तींचे अवशेष तिथे मिळाले. १३४६ चा चिनी आणि मंगोल भाषेतला एक शिलालेखही याच मंदिराविषयी बोलतो. मोंगके खानाने १२५६ मध्ये ते पूर्ण केले आणि १३४२ ते १३४६ या काळात त्याची डागडुजी झाली, ती तोगोन तेमुरच्या हुकमाने. म्हणजे ज्या वर्षांत त्याची हिंदुस्थानातली मागणी फेटाळली गेली, त्याच वर्षांत तो काराकोरमचे विहार दुरुस्त करत होता. दोन देशांतल्या दोन नोंदी अशा एकमेकींना भेटतात.

इथे एक प्रश्न आम्हाला सोडत नाही. हाच महंमद तुघलक जैन आचार्य जिनप्रभसूरी यांना दरबारात मान देत होता. त्यांच्या सांगण्यावरून त्याने महावीरांची मूर्ती परत केली, तीर्थांच्या रक्षणासाठी फर्माने दिली. मग जैनांना जे मिळाले ते बौद्धांना का मिळाले नाही? सुलतानाचा धर्म हे उत्तर पुरत नाही, कारण धर्म दोन्ही वेळा तोच होता. आमच्या मते फरक मागणाऱ्यांत होता. जैनांचे व्यापारी, त्यांचे विद्वान, त्यांचा संघ दिल्लीत हजर होता. बौद्धांच्या वतीने दिल्लीत बोलायला उभा राहील असा संघटित समाज दिसत नाही. बुद्धाच्या भूमीतले विहार बांधू द्या, ही विनंती हजारो मैलांवरच्या मंगोल बादशहाला करावी लागली. त्याआधी १३ व्या शतकाच्या शेवटी बुद्धगयेच्या मंदिराची दुरुस्ती ब्रह्मदेशाच्या राजाने पाठवलेल्या लोकांनी केली होती, तीही याच कारणाने. आज बुद्धगया मंदिर कायदा, १९४९ रद्द करा म्हणून आपण रस्त्यावर येतो, तेव्हा फरक हा आहे की आता मागणारे इथलेच आहेत. तो फरक १९५६ ने घडवला.

दुसरी गोष्ट वेडेपणाच्या शिक्क्याची. हा शिक्का मारण्यात सर्वात मोठा वाटा झियाउद्दीन बरनी याचा. तो सतरा वर्षे सुलतानाचा दरबारी होता. त्याच्या इतिहासात एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. सुलतानाने माळी, न्हावी, विणकर, आचारी, कलाल, गवई अशा हलक्या कुळातल्या लोकांना मोठी पदे दिली, याचा त्याला संताप आहे. हलक्यांना लिहायला-वाचायला शिकवू नये, असेच बरनीचे मत होते. हे मत आपल्याला कुठे भेटले आहे ते सांगायला नको. मनुस्मृती वाचलेल्या कुणालाही ते ओळखीचे वाटेल. सुलतानाचा जुलूम खरा होताच. त्याने वर आणलेल्यांपैकी अझीझ खम्मार याने धारला ८९ सरदारांची कत्तल केली, हेही खरे. पण जुलूम जन्माने वरच्या मानलेल्या सरदारांनीही केला, तेव्हा त्यांचे कूळ कुणी काढले नाही. म्हणून तुघलकी हा शब्द वापरताना तो कुणाच्या लेखणीतून आला, एवढे तरी आपण विचारावे.

धारच्या कत्तलीनंतर दख्खनचे सरदार बिथरले. दौलताबाद हातचे गेले. १३४७ मध्ये हसन गंगूने बहामनी राज्य उभे केले आणि बीडही दिल्लीपासून तुटले. सुलतान तघी नावाच्या बंडखोराच्या मागे गुजरात आणि सिंधमध्ये फिरत राहिला. शेवटी त्याच्या मदतीला मध्य आशियातून मंगोल घोडेस्वार आले. ज्यांच्याशी लढून बापाने नाव कमावले, त्यांचीच मदत मुलाला घ्यावी लागली. २० मार्च १३५१ रोजी सिंधू नदीच्या काठी, ठट्ट्याजवळ, तापाने तो मेला. सुलतान जाताच त्याच मंगोलांनी त्याची छावणी लुटली.

राहिली ती आपल्या टेकडीवरची कबर. ती पाहायला जाणाऱ्या तरुणांनी दगडांवर नावे कोरू नयेत आणि धन शोधायला कुणी खणत असेल तर गप्प बसू नये. ती मुसलमानांची म्हणून आपली नाही, असे म्हणणे आपल्याला शोभत नाही. लेण्यांवर आणि स्तूपांवर दुसऱ्यांनी हक्क सांगितला तेव्हा आपण पुरावा म्हणून पुरातत्त्वच पुढे केले. काराकोरमचा राजवाडा पन्नास वर्षांनी विहार ठरला, तो जमीन शाबूत होती म्हणून. आपल्या जिल्ह्यातल्या पडक्या वास्तू, शिल्पे, वीरगळ, शिलालेख यांचे फोटो काढा, गाव आणि गट क्रमांकासह वहीत नोंद करा, ग्रामपंचायतीकडे आणि पुरातत्त्व विभागाकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच जपून ठेवा. तोगोन तेमुरची मागणी आपल्यापर्यंत पोहोचली, कारण एका प्रवाशाने ती लिहून ठेवली.