संत थॉमस मोर : शपथ न घेणारा माणूस



आपल्या स्वातंत्र्याला सर्वांत मोठा धोका कोणाचा, असे विचारले तर आपण चटकन सरकार, पोलीस, पुढारी, पैसेवाले अशी नावे घेतो. ती चुकीची नाहीत. परंतु ज्यांचा सण ख्रिस्तसभा २२ जून रोजी साजरा करते, त्या संत थॉमस मोर ह्यांचे जीवन पाहिले की ही यादी वाढत जाते.

थॉमस ह्यांचा जन्म १४७८ साली लंडनमध्ये झाला. वकिली शिकत असताना त्यांनी कार्थुसियन मठवासीयांच्या सहवासात राहून मठवासी होण्याचा विचार केला, पण शेवटी संसार निवडला. १५०५ साली जेन कोल्ट ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला व त्यांना चार मुले झाली. १५११ साली जेन वारल्या. मुले लहान होती. थॉमस ह्यांनी अॅलिस ह्या विधवेशी दुसरा विवाह केला. मुलींना लॅटिन व ग्रीक शिकवणारा बाप त्या काळी विरळाच. १५१६ साली त्यांचा ‘युटोपिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १५२३ साली ते पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाचे सभापती झाले, तेव्हा सभासदांना निर्भयपणे बोलता यावे अशी विनंती त्यांनी राजाला केली.

१५२९ साली राजा आठवा हेन्री ह्याने त्यांना लॉर्ड चॅन्सलर केले. राजाला राणी कॅथरिनशी झालेला विवाह रद्द करून अॅन बोलिनशी लग्न करायचे होते. पोप महोदय मान्यता देईनात, तेव्हा राजाने इंग्लंडमधील ख्रिस्तसभेवर स्वतःची सत्ता लादली. १५ मे १५३२ रोजी धर्मगुरुवर्गाने राजापुढे मान तुकवली. दुसऱ्याच दिवशी मोर ह्यांनी पद सोडले.

१५३४ साली नव्या वारसाहक्काच्या शपथेचा कायदा आला. गादीचा वारस कोण हे पार्लमेंटने ठरवावे, ह्याला मोर ह्यांची हरकत नव्हती. परंतु त्या शपथेत पोपचा अधिकार नाकारला जात होता. त्यांनी शपथ घेतली नाही, कारणही सांगितले नाही आणि ज्यांनी ती घेतली त्यांना दोषही दिला नाही. त्यांना टॉवरच्या तुरुंगात टाकण्यात आले.

राजाचा धाक हा पहिला धोका. पण दुसरा त्याहून अवघड होता, तो म्हणजे प्रेमाच्या माणसांचा आग्रह. पत्नी अॅलिस आणि लाडकी लेक मार्गारेट ह्या दोघींनी शपथ घेऊन घरी येण्यासाठी त्यांची मनधरणी केली. तिसरा धोका बहुमताचा. बिशप जॉन फिशर सोडले तर इंग्लंडच्या साऱ्या बिशपांनी शपथ घेतली होती. एवढी थोर माणसे चुकतील का, हा प्रश्न एकट्या माणसाला आतून पोखरतो.

पुढे राजाचे धर्मप्रमुखपद शब्दाने नाकारणे हाही राजद्रोह ठरला. मोर गप्पच राहिले. मौनाला शिक्षा देता येईना, तेव्हा रिचर्ड रिच ह्याची साक्ष पुढे आली. ती खोटी आहे असे मोर ह्यांनी न्यायालयात सांगितले, पण १ जुलै १५३५ रोजी त्यांना दोषी ठरवण्यात आले आणि ६ जुलै रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. १९३५ साली पोप अकरावे पायस ह्यांनी त्यांना संतपद दिले. २००० साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी त्यांना राजकारणी लोकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

चौथा धोका सांगायला जड जातो, पण तो लपवणे बरे नाही. मोर चॅन्सलर असताना सहा जणांना पाखंडी ठरवून जिवंत जाळण्यात आले. त्यांपैकी काहींच्या चौकशीत मोर ह्यांचा स्वतःचा हात होता आणि ही शिक्षा त्यांना योग्य वाटत होती. म्हणजे जे स्वातंत्र्य पुढे त्यांनी स्वतःच्या विवेकबुद्धीसाठी प्राणांच्या मोलाने राखले, ते त्यांनी इतरांना दिले नव्हते. आपलेच खरे आहे ही खात्री हातात सत्ता आली की दुसऱ्याचा गळा आवळू शकते, मग खात्री बाळगणारा कितीही प्रामाणिक असो. धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होऊ नये, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली स्पष्ट केले.

आपल्यापुढे राजाची शपथ येणार नाही. येतील त्या साध्या गोष्टी : खोट्या कागदावरची सही, सगळे करतात म्हणून दिलेली लाच, घरच्यांच्या हट्टापायी मोडलेला शब्द. अशा वेळी आपण ठाम राहायला शिकू या. आणि आपल्याच घरात आपला मुलगा, सून किंवा शेजारी वेगळे मत मांडतो, तेव्हा त्याच्यासाठी राजा हेन्री आपणच तर होत नाही ना, हेही तपासू या.