झाडू, खापर आणि चिंध्या : गाडगेबाबांनी गावोगावच्या सवयी कशा बदलल्या?

कार्तिकी पौर्णिमेला बीडजवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा भरते. महाशिवरात्रीला परळीत वैजनाथाच्या दर्शनाला रांगा लागतात. यात्रा म्हटली की पंगत आली आणि पंगत म्हटली की पत्रावळ्या, द्रोण आले. पूर्वी ते पळसाच्या पानांचे असायचे, उकिरड्यावर जाऊन त्यांचं खत व्हायचं. आता प्लॅस्टिक आणि थर्माकोल आलं. सरकारने २०१८ मध्ये बंदी घातली, पण कायदा आला म्हणून सवय जात नाही.

मग सवय जाते कशाने? याचं उत्तर शोधणाऱ्या शास्त्राला आज बिहेवियरल सायन्स म्हणतात. याच विषयातल्या कामासाठी रिचर्ड थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण यात्रेतली घाण, पंगतीतली उधळपट्टी आणि लोकांची सवय या तिन्हींशी आयुष्यभर झुंजलेला एक माणूस महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधी होऊन गेला. त्याला शाळेचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं.

डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, परिटाचं घर. वडील दारूपायी गेले. आई सखूबाई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. डेबूजी मामाच्या घरी गुरं राखत, शेती करत वाढला. पुढे मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्याने पाहिली. कर्ज काढून सण, कर्ज काढून लग्न हा प्रकार त्याच्या डोक्यात कायमचा बसला तो तिथूनच.

पहिला प्रयोग त्याने स्वतःच्याच घरी केला. तेव्हा बारशाला नातेवाईकांना दारू आणि मटण द्यायची रीत होती. डेबूजीने मुलीच्या बारशाला गोडाचं जेवण वाढलं. भावकी चिडली, नावं ठेवली, पण पंगत जेवून उठली. रीत मोडली तरी आकाश कोसळत नाही, हे चार लोकांनी डोळ्यांनी बघितलं. नंतर हजारो कीर्तनांतून त्यांनी जे केलं, त्याचं बी या बारशात आहे.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या जोडून शिवलेला अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात झाडू आणि डोक्यावर फुटक्या गाडग्याचं खापर. तेच खापर जेवायचं ताट, तेच पाणी प्यायचं भांडं. त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

आता हा वेश म्हणजे नुसतं वैराग्य होतं असं समजू नका. जुनं वापरायचं कौशल्य खेड्यात होतंच. मराठवाड्यात जुन्या लुगड्यांची वाकळ घरोघरी शिवली जायची, शेण-राख शेतात जायची. ज्याला आज आपण चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतो, ती बाया-बापड्यांना कुणी शिकवावी लागली नव्हती. अडचण होती ती लाजेची. ठिगळ म्हणजे गरिबी आणि नवं, महाग, उधारीवर आणलेलं म्हणजे प्रतिष्ठा. गाडगेबाबांनी फुटलेलं, फाटलेलं, टाकून दिलेलं सगळं अंगावर घातलं आणि तशा अवतारात मोठमोठ्या माणसांसमोर उभे राहिले. ज्याच्या पायाला हात लावायला गर्दी धावते, तोच माणूस खापरात खातोय म्हटल्यावर ठिगळाची लाज वाटणार कुणाला?

(पायाला हात लावू मात्र ते देत नसत. कुणी वाकलंच तर हातातली काठी तयार असायची.)

त्यांची कामाची पद्धत ठरलेली होती. गावात यायचं आणि कुणाशी न बोलता रस्ता झाडायला लागायचं. आधी लोक वेडा समजायचे. मग एखाद्याला अवघडल्यासारखं व्हायचं, तो हाताला लागायचा. पाठोपाठ दुसरा यायचा. संध्याकाळपर्यंत अर्धं गाव खराटा घेऊन रस्त्यावर! उपदेश नंतर, रात्रीच्या कीर्तनात, आणि तोही सरळ नाहीच. बाबा वऱ्हाडीत साधे साधे प्रश्न विचारायचे आणि उत्तर समोरच्या गर्दीने द्यायचं. स्वतःच्या तोंडाने चारचौघांत दिलेलं उत्तर माणसाला सहजी मोडवत नाही. ताट नसलं तर हातावर भाकरी घ्या, बायकोला हलकं लुगडं आणा, पण पोराला शाळेत घाला, असा त्यांचा हिशेब असायचा. नवस, पशुबळी, दारू, अस्पृश्यता, सगळ्याची झडती त्याच रात्री व्हायची.

आणि नुसतं बोलून भागत नाही हेही त्यांना पक्कं कळलं होतं. यात्रेकरूला उतरायला जागाच नसेल तर तो उघड्यावर घाण करणारच. म्हणून मिळालेल्या पैशातून ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट झाला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. लाखोंचा निधी हातून गेला, बाबा मात्र खापरातच जेवत राहिले.

२० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ वलगाव इथे, पेढी नदीच्या काठी त्यांचं निधन झालं. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा जेमतेम चौदा दिवस झाले होते.

२०००-०१ मध्ये ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. बीडसह राज्यभरातल्या ग्रामपंचायती स्पर्धेत उतरल्या. बक्षीस एका माणसाला नव्हतं, अख्ख्या गावाला होतं, आणि यातच खरी मेख होती. शेजारच्या गावाला मिळालं आणि आपल्याला नाही, ही बोच कुठल्याही जीआरपेक्षा जास्त काम करते. लोकांनी श्रमदान केलं, गटारं काढली, संडास बांधले. मात्र बक्षिसाच्या जोरावर आलेला उत्साह तपासणी समितीची गाडी गेल्यावर टिकवणं अवघड असतं. बाबांकडे द्यायला बक्षीस नव्हतं, की पुन्हा येऊन तपासणारी समिती नव्हती. कीर्तन संपलं की गर्दी पायांशी यायच्या आत ते अंधारात पुढच्या गावाच्या वाटेला लागलेले असायचे.