भक्ती बर्वे

भक्ती बर्वे-इनामदार (जन्म : सांगली, १० सप्टेंबर १९४८, मृत्यू : १२ फेब्रुवारी २००१) या मराठी रंगभूमी, दूरदर्शन व हिंदी चित्रपट यांतील अभिनेत्री होत्या. पु.ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी' या नाटकातील मंजुळेच्या भूमिकेसाठी त्या विशेष ओळखल्या जातात.

कारकिर्दीचा आरंभ

सुधा करमरकर यांच्या 'लिटल थिएटर' या बालरंगभूमीच्या संस्थेतून बर्वे यांनी अभिनयास प्रारंभ केला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. केंद्राच्या सुरुवातीच्या काळात निवेदिका आणि मराठी वृत्तनिवेदिका म्हणून त्या प्रेक्षकांना परिचित झाल्या.

रंगभूमी

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' या नाटकाचे मराठी रूपांतर असलेले 'ती फुलराणी' १९७५ साली रंगमंचावर आले. यात फुले विकणाऱ्या मंजुळेला भाषेचे प्राध्यापक शिष्टसंमत मराठी शिकवतात. प्राध्यापकांची भूमिका सतीश दुभाषी यांनी केली होती. एकाच प्रयोगात रांगड्या बोलीपासून घोटीव प्रमाणभाषेपर्यंतचा प्रवास उच्चार, स्वर आणि देहबोलीतून साकारणे, हे या भूमिकेचे मुख्य आव्हान होते. दूरदर्शनवर प्रमाण मराठीत बातम्या देणाऱ्या बर्वे यांनी मंजुळेची बोलीही तितक्याच सहजतेने आत्मसात केली. मंजुळेचे स्वगत विशेष गाजले. पुढे सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष आदी अभिनेत्रींनी ही भूमिका केली. तथापि बर्वे यांची मंजुळा हाच तिचा मानदंड मानला गेला.

या लोकप्रिय प्रतिमेत अडकून न पडता त्यांनी पुढे प्रौढ स्त्रियांच्या भूमिका स्वीकारल्या. अशोक पाटोळे लिखित 'आई रिटायर होते' या नाटकात त्यांनी घरकामातून निवृत्ती घेणारी आई रंगवली. अजित दळवी यांच्या 'गांधी विरुद्ध गांधी' या नाटकात पती आणि मुलगा हरिलाल यांच्या संघर्षात सापडलेल्या कस्तुरबांची भूमिका त्यांनी केली.

दूरदर्शन व चित्रपट

मुंबई दूरदर्शनवर त्यांनी कवयित्री बहिणाबाई चौधरी यांची भूमिका साकारली. कुंदन शाह दिग्दर्शित 'जाने भी दो यारों' (१९८३) या हिंदी चित्रपटात त्यांनी शोभा सेन या धूर्त संपादिकेची भूमिका केली.

वैयक्तिक जीवन व निधन

अभिनेते शफी इनामदार हे त्यांचे पती होत. त्यांचे १९९६ साली निधन झाले. १२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईहून मुंबईस परतत असताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर झालेल्या मोटार अपघातात भक्ती बर्वे यांचा वयाच्या ५२व्या वर्षी मृत्यू झाला.

पुरस्कार

संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९९०)